गोदाकाठ ते कावेरीकाठ : भरतनाट्यमची मराठी बाजू

दासबोधाच्या चौथ्या दशकातला दुसरा समास कीर्तनभक्तीचा आहे. कीर्तनात काय काय असावे हे सांगताना समर्थ रामदास टाळ, मृदंग आणि गाण्याच्या जोडीने नृत्याचेही नाव घेतात. बलोपासना, मारुतीची देवळे आणि कडक वैराग्य एवढ्यावरच ज्यांची समर्थांशी ओळख थांबली आहे, त्यांनी हा समास पुन्हा काढून वाचावा. देवापुढे नाचणे समर्थांना वर्ज्य नव्हते. ते भक्तीचे एक अंग होते.

समर्थांचा जन्म १६०८ च्या रामनवमीचा, गाव जांब. आज ते जांब समर्थ म्हणून ओळखले जाते आणि जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. या गावातून निघालेल्या माणसाचा संप्रदाय त्यांच्या हयातीतच हजार किलोमीटरांहून दूर, कावेरीच्या खोऱ्यात तंजावरला पोहोचला. समर्थांचे शिष्य भीमस्वामी तिथे मठ घालून राहिले. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरहून घडवून आणल्या, असे संप्रदायाची परंपरा सांगते. आणि आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो, त्याचा कार्यक्रम ज्या क्रमाने रंगमंचावर उलगडतो तो क्रम ठरला तोही याच तंजावरात, मराठी बोलणाऱ्या राजांच्या दरबारात.

म्हणून जालना, अंबड किंवा परतूरची एखादी मुलगी भरतनाट्यम शिकू लागली आणि कुणी तिला ‘हे मद्रासी नृत्य आपल्याकडे कशाला?’ असे विचारले, तर त्या प्रश्नामागे इतिहासाचे मोठे अज्ञान आहे असे मी म्हणेन. हे नृत्य तमिळ भूमीतले, तिथल्या स्त्रियांनी आणि गुरूंनी जपलेले. त्यावर आपण हक्क सांगायचा नाही. पण त्याच्या घडणीत मराठीचा वाटा आहे, आणि तो वाटा कोणता हे नीट माहीत असायला हवे.

सुरुवात तंजावरच्याही आधीची आहे. जालन्यापासून पाऊणशे किलोमीटरवर देवगिरी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावलेले, आणि हा स्वतः राज्याच्या हिशेबाचे काम पाहणारा. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांच्या या संस्कृत ग्रंथाचा शेवटचा अध्याय नर्तनाध्याय. डोके, मान, डोळे, हात, कंबर, पाय यांच्या हालचाली कशा, त्यांचा उपयोग कुठे, हे सारे त्यात बारकाईने येते. शार्ङ्गदेवाने भरतमुनींचे जुने शास्त्र नुसते पुन्हा मांडले नाही. त्याच्या काळी देशोदेशी जे नाच चालत, त्यांनाही त्याने जागा दिली. पेरणी आणि गौंडली हे त्यातले दोन. शास्त्राच्या ग्रंथात लोकांच्या नाचाला मान देणारा हा हिशेबनीस मराठवाड्यात बसून लिहीत होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच्याही पूर्वीची साक्ष दगडात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या लेण्यांमध्ये सातव्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया असे शिल्प आहे. वेरूळला तर नाचणारा शिव ठिकठिकाणी भेटतो. त्याच वेरूळची पाटीलकी भोसल्यांच्या घराण्यात होती. मालोजींचे पुत्र शहाजीराजे कर्नाटकात गेले. त्यांचे पुत्र एकोजी, ज्यांना आपण व्यंकोजी म्हणतो, त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले.

एकोजी आले तेव्हा तंजावर हे काही नृत्याच्या दृष्टीने रिकामे गाव नव्हते. चोळ राजा राजराज याने तिथे बृहदीश्वराचे भव्य मंदिर उभारले, ते १०१० मध्ये पूर्ण झाले. देवापुढे नाचण्यासाठी त्याने ठिकठिकाणच्या मंदिरांतून ४०० स्त्रिया तिथे आणून वसवल्या, आणि हे त्याच मंदिराच्या शिलालेखात नोंदलेले आहे. मंदिराच्या वरच्या मजल्यावर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या जोडीने होणाऱ्या नृत्यक्रियांपैकी, ८१ करणे कोरलेली आहेत. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी तेलुगू काव्य, संगीत आणि नृत्य भरभराटीला आणले होते. मराठे या समृद्ध घरात शिरले आणि त्यांनी ते घर मोडले नाही. त्यांनी तेलुगू आणि तमिळ आपलीशी केली, आणि त्या दोन भाषांशेजारी मराठी बसवली.

एकोजींचे पुत्र शाहजी १६८४ साली गादीवर आले. त्यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ रचले. तिरुवारूरच्या त्यागेश शिवावर त्यांची पराकोटीची भक्ती होती, आणि त्या देवावर त्यांनी पदे केली. मराठीत त्यांनी गाण्या-नाचण्याने भरलेली नाटके लिहिली. त्यांतले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे सतराव्या शतकाच्या अखेरचे. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले १८४३ मध्ये. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण बहुधा सांगलीपासून आरंभ करतो, आणि तंजावरची दीडशे वर्षे तळटीपेत जातात. ही चूक आता दुरुस्त व्हायला हवी.

शाहजींचे धाकटे बंधू तुळजाजी, म्हणजे तुकोजी, यांचा राज्यकाळ १७२८ ते १७३६. त्यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्याला मोठा आधार घेतला तो देवगिरीच्या संगीतरत्नाकराचा. पाचशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या प्रदेशात लिहिलेली विद्या अशी कावेरीकाठी पुन्हा उघडली गेली. मात्र तुळजाजी नुसते जुने उतरवून थांबले नाहीत. नर्तकीने रोजचा सराव कसा करायचा, याचे त्यांनी वेगळे प्रकरण केले आणि त्यात अडवूंचे वर्णन दिले. अडवू म्हणजे भरतनाट्यमचा मूळ घटक. अर्धे बसलेले गुडघे, ठरलेल्या बोलावर पडणारे पाऊल, त्याच्या जोडीला हाताची रेषा आणि नजर. नव्या विद्यार्थिनीला गुरू पहिली एक-दोन वर्षे हेच करून घेतात. आजच्या वर्गात ‘तैया तै’ म्हणत जे घोटले जाते, त्याच्या लिखित पूर्वजांमध्ये एका मराठी राजाचा ग्रंथ आहे.

यानंतर थेट सरफोजींकडे येऊ. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले, आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे किल्ला, मान आणि तनखा उरला. तलवारीला काम नाही अशा काळात या माणसाने विद्येला जे दिले त्याला तोड नाही. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले. देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ नावाने मराठीत छापल्या. भोसले वंशाचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला, तो १८०३ मध्ये. आणि ‘देवेंद्र कोरवंजी’ लिहिले.

या कोरवंजीवर थोडे थांबायला हवे. कोरवंजी हा दक्षिणेतला नृत्यनाट्याचा प्रकार. विरहाने झुरणारी नायिका, आणि तिचा हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरातली भटकी बाई, ही त्यातली ठरलेली पात्रे. ती बाई आपल्या डोंगरांचे, नद्यांचे, मुलखाचे वर्णन गाते, हाही ठरलेला भाग. सरफोजींनी ही जागा हेरली आणि त्या बाईच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला, तोही मराठीत. खंडे, देश, समुद्र, सगळे गाण्यातून. जुन्या साच्याला हात न लावता त्यात नवे ज्ञान ओतायचे, ही सरफोजींची रीत होती, आणि ती त्यांच्या नृत्यरचनांतही दिसते.

त्यांच्याच दरबारात चार भाऊ होते: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू. नृत्य शिकवणाऱ्या आणि झांजा वाजवत बोल म्हणणाऱ्या नट्टुवनारांचे हे घराणे. मुत्तुस्वामी दीक्षितांकडे ते संगीत शिकले. या चौघांनी नृत्याच्या कार्यक्रमाची जी मांडणी केली तिला ‘मार्गम्’ म्हणतात आणि भरतनाट्यमचे अरंगेत्रम्, म्हणजे विद्यार्थिनीचा पहिला जाहीर कार्यक्रम, आजही बहुतेक त्याच वाटेने जाते. आधी अलारिप्पू, त्यात शब्द नाहीत, अर्थ नाही, फक्त लय आणि एकेक करून जागे होणारे अवयव. मग जतिस्वरम्, तिथे स्वर येतात. मग शब्दम्, तिथे पहिल्यांदा साहित्य आणि अभिनय. नंतर वर्णम्, जे अर्धा-पाऊण तास चालते आणि नर्तकीची सगळी कसोटी पाहते. एकीकडे एका ओळीतला भाव पुनःपुन्हा नव्या रीतीने दाखवायचा, आणि मध्येच अवघड तालाची आवर्तने पायांनी बिनचूक काढायची. त्यानंतर निवांत पदम्, आणि शेवटी उसळती तिल्लाना. साध्याकडून गुंतागुंतीकडे आणि पुन्हा मोकळेपणाकडे नेणारी ही चढउतार इतकी नेमकी आहे की दोनशे वर्षांत तिला फारसा धक्का लागलेला नाही. जुन्या शब्दम् रचनांच्या अखेरीस राजाला सलाम येतो, तो या दरबारी दिवसांचाच ठसा.

आता सरफोजींची स्वतःची मांडणी पाहू. त्यांच्या नृत्यरचनांचे नाव ‘निरूपण’, आणि भाषा मराठी. सरस्वती महालात ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या जपल्या गेल्या. एका निरूपणात जयजय, शेरवा, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना असे सुरू होऊन जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौत्व करत मंगलापर्यंत अठरा टप्पे येतात. गंमत अशी की हे सारे एकाच रागात, एकाच तालात आणि एकच सूत्र धरून. मार्गम्‌मध्ये दर रचनेला राग बदलतो, विषय बदलतो, कधी देवही बदलतो. निरूपणात प्रेक्षक एका रागात शिरला की दोन तास त्यातच राहतो, आणि कथासूत्र नृत्ताच्या, म्हणजे निव्वळ लयीच्या भागांतूनही तुटत नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. पूर्वरंगापासून शेवटपर्यंत एकच विषय लावून धरणे हा कीर्तनकाराचाच बाणा आहे. समर्थ संप्रदायाचे मठ आणि त्यांची कीर्तने ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्या गावच्या राजाला नृत्याचे ‘निरूपण’ सुचावे यात मला नवल वाटत नाही.

एकाच दरबारात दोन आराखडे झाले. भावांचा आराखडा जगला, राजाचा पोथीत राहिला. असे का झाले असावे? भावांच्या रचना नर्तकींच्या अंगात आणि नट्टुवनारांच्या मुखात होत्या, त्या आईकडून मुलीकडे आणि बापाकडून मुलाकडे गेल्या. भाषा तेलुगू आणि तमिळ, म्हणजे भोवतालच्या रसिकांच्या कानांची. निरूपणांची मराठी समजणारा रसिक मात्र राजवाड्याभोवतीच होता. १८५५ मध्ये तंजावरचे राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि तो रसिकवर्ग पांगला. शब्द कागदावर शाबूत राहिले, पण त्यांवर नाचणारी माणसे उरली नाहीत.

तंजावरच्या मराठीचा एक धागा मात्र दक्षिणेत जोमाने फोफावला, तो कीर्तनाचा. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरला आले. त्यांचे ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची मांडणी आणि तमिळ कथाकथन यांचा मेळ घातला आणि आजची हरिकथा उभी राहिली. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद आजही त्याच नावांनी गायले जातात. हरिकथा सांगणारा नुसता गात नाही. तो पात्रे उभी करतो, पावले टाकतो, हातांनी चित्र काढतो. नृत्यातला अभिनय आणि कीर्तनातला अभिनय यांच्यात तिथे फार उंच भिंत नव्हती.

नृत्य आणखी एका वाटेने मराठी दरबारात परतले. १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाले. त्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकींचा ताफा बडोद्याला आला. त्यात गौरा आणि कांतिमती या दोन नर्तकी होत्या, सोबत नट्टुवनार आणि वादक. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्यात भरतनाट्यमचे मोठे गुरू झाले. मुंबई-पुण्यात हे नृत्य माहीत होण्याच्या कितीतरी आधी गायकवाडांच्या राजवाड्यात ते नियमाने होत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राजांची नावे ग्रंथांवर राहिली, पण हे नृत्य शतकानुशतके अंगावर वागवले ते देवदासींनी आणि राजदासींनी. तंजावर दरबारातल्या पापम्माळ या अठराव्या शतकातल्या गायिका-नर्तकी. त्यांच्याच वंशात १९१८ मध्ये टी. बालसरस्वती जन्मल्या. अभिनयात त्यांच्या तोडीचे कुणी नाही, असे पुष्कळ जाणकार मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या स्त्रियांच्या कलेवर समाजाने कलंक लावला. मद्रासच्या म्युझिक अकादमीने आणि ई. कृष्ण अय्यरांसारख्यांनी कलेच्या बाजूने लढा दिला, ‘सदिर’ हे नाव मागे पडून ‘भरतनाट्यम’ रूढ झाले, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र काढले, आणि १९४७ च्या कायद्याने मद्रास प्रांतात देवदासी प्रथेवर बंदी आली. प्रथेत शोषण होते, ती जायलाच हवी होती. पण कला वाचली आणि ती वाचवणाऱ्या बायका मात्र बाजूला पडल्या, ही जखम आजही भरलेली नाही. भरतनाट्यम शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला बालसरस्वतींचे नाव पहिल्या वर्षीच कळले पाहिजे.

निरूपणांना पुन्हा शरीर मिळाले ते मुंबईत. आचार्य पार्वतीकुमार हे मराठी नृत्यगुरू, जन्म १९२१ चा. सरस्वती महालातल्या सरफोजींच्या रचना त्यांच्या हाती लागल्या. शब्द होते, राग-ताल होते, टप्प्यांचा क्रम होता. नव्हती ती हालचाल. कित्येक वर्षे खपून त्यांनी ती बसवली, शिष्यांकडून करून घेतली, आणि ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ या मराठी ग्रंथात मांडली. पोथीतली ओळ आणि रंगमंचावरचे पाऊल यांच्यामधले हे काम किती कष्टाचे असते, हे ज्याने एखादे वर्णम् बसवले आहे त्यालाच ठाऊक.

त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर पुढे तंजावरला गेल्या आणि चार भावांच्या वंशातल्या गुरू के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. म्हणजे राजाचा आराखडा त्यांना मुंबईत मिळाला आणि भावांचा आराखडा त्या भावांच्याच घराण्यात. शाहजी आणि सरफोजी यांच्या रचनांचा त्यांनी अभ्यास केला, त्या नाचून दाखवल्या. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाचा कान हिंदुस्थानी संगीताचा आहे हे ओळखून त्यांनी हिंदुस्थानी राग आणि आपल्याकडच्या रचना घेऊन भरतनाट्यमचे तंत्र कायम ठेवणारी ‘नृत्यगंगा’ ही शैली घडवली. कर्नाटक संगीतापासून हे नृत्य वेगळे काढता येईल का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला वाटते की तंजावरच्या राजांनी केले तेच त्यांनी उलट्या दिशेने केले: नृत्याचे व्याकरण तेच ठेवले आणि बोली प्रेक्षकाची घेतली.

मराठवाड्यात ही परंपरा मुलींपर्यंत पोहोचते ती प्रामुख्याने खासगी वर्गांतून आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतून. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढत ती मुलगी कथक किंवा भरतनाट्यम शिकते. महाराष्ट्रात कथकचा प्रसार मोठा, त्याचे श्रेय रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘नृत्यभारती’ला आणि त्यांच्या शिष्यपरंपरेला बरेच जाते. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षांकडे ओढाही वाढला आहे. गुणांसाठी आलेली मुलगी नृत्यासाठी टिकेल की नाही, हे तिला काय शिकवले जाते यावर ठरते. अलारिप्पूनंतर तिला थेट तेलुगू शब्दम् दिले, तर ती उच्चार पाठ करते आणि अर्थ वहीत लिहून ठेवते. त्याच जागी सरफोजींच्या निरूपणातला शब्द किंवा पद दिले, तर दक्षिणी वळणाची जुनी का होईना, पण मराठी तिच्या कानावर पडते. ओवी-अभंग ऐकलेल्या मुलीला ती अनोळखी वाटत नाही. मग चेहऱ्यावर भाव आणण्यासाठी आधी भाषांतर करावे लागत नाही.

यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. पार्वतीकुमारांचा ग्रंथ आहे. नट्टुवांगमच्या झांजा धरून बोल म्हणणारे गुरू आहेत. हवा तो मृदंगम् वाजवणारा साथीदार आणि जुन्या मराठीचे उच्चार नीट करणारा गायक. असे गायक कीर्तनाच्या परंपरेतून इथेच मिळतील. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव भरतो, तिथला श्रोता एकच राग तासभर ऐकायला सरावलेला आहे. एका रागात बांधलेल्या अठरा टप्प्यांच्या निरूपणाला याहून योग्य श्रोता कुठे शोधायचा? एखाद्या वर्षी तिथे गाण्याच्या मैफलींमध्ये एक संध्याकाळ सरफोजींच्या निरूपणाची ठेवावी. सुरुवातीला पंधरा मिनिटे कुणीतरी टप्प्यांची नावे आणि क्रम समजावून सांगावा, आणि मग जयजयपासून मंगलापर्यंत सगळे सलग होऊ द्यावे.